जाब विचारणारं गाणं

मैत्रिणींनो, क्वीन लतीफा या अमेरिकेतल्या काळ्या रॅप गायिकेचं 'युनिटी', म्हणजे एकजूट, हे गाणं १९९३ सालचं. रस्त्यात अंगाला हात लावणाऱ्याला ती त्यात ठोसा मारते. टाळ्या वाजवाव्याशा वाटतात त्या तिथं! मला मात्र पुढचं कडवं मोलाचं वाटतं. मार खाणारी बाई कबूल करते, त्याला सोडायची भीती वाटत होती. पण आईला मार खाताना मुलांनी बघू नये, म्हणून ती निघते. बायांना रॅपमध्ये सर्रास दिल्या जाणाऱ्या शिव्या या गाण्यातही आहेत, पण जाब विचारायला. १९९५ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. शिव्यांची गाणी तरी खपतच राहिली. त्यांच्या ठेक्यावर आपल्या पोरीही नाचतात. त्यांच्याशी काय बोलायचं, ते आता तुम्ही सांगा.