पाणी जातंय कुठं?

जुन्या डिझेल जीपचं कूलंट रोज थोडं थोडं कमी होतंय, पण जमिनीवर थेंब नाही. बरेच जण नुसतं पाणी ओतत राहतात. शोध घ्यावा तो सकाळी, इंजिन थंड असताना. गरम रेडिएटरचं झाकण मुळीच उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते अंगावर उसळतं.

आधी वॉटर पंप बघा. त्याच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की तिथून कूलंट झिरपतं आणि गरम इंजिनवर वाळून जातं. मागे हिरवट-पांढरा ओघळ तेवढा उरतो. टॉर्च आणि हातातला छोटा आरसा घेऊन तो हुडकावा लागतो. होज पाइप क्लिपेपाशी दाबून पाहा, भेगा कळतील. गॅरेजमध्ये हातपंपाने रेडिएटरमध्ये साधारण 1 बार दाब भरून ठेवतात. दाबाचा काटा उतरला की कुठंतरी गळती आहेच.

बाहेर काहीच नाही? मग डिपस्टिक ओढा. ऑइल दुधाळ दिसलं, किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर संशय हेड गॅस्केटवर. अशी गाडी चालवत नव्हे, ओढूनच गॅरेजला न्या. गळती थांबवणाऱ्या पावडरींवर माझा तरी भरवसा नाही. त्यांच्यामुळे रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजू शकतात.