वाळवणाच्या दिवसांतलं डिस्को

चैत्र सरत आला की तुमच्याकडे अंगणात बाजा निघतात, आणि आमच्याकडे उपनगरात गच्चीची किल्ली कुणाकडे आहे याची चौकशी सुरू होते. कुरडया, पापड, सांडगे दोन्हीकडे तेच. हात कामात गुंतले की कान मोकळे राहतात. आज त्या मोकळ्या कानांसाठी बोलणार आहोत, तेही डिस्कोबद्दल. हसू नका, आधी ऐका.

आम्ही बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंडकडच्या बायका. आमच्यातल्या कितीतरी जणी लग्न होऊन गावाकडून आलेल्या. डिस्को म्हटलं की आम्हालाही आधी चमचमते कपडे आणि मिथुन चक्रवर्तीच आठवायचा. पण आमच्या मुली हल्ली जी गाणी लावतात, त्यांना त्या ‘नू डिस्को’ म्हणतात. म्हणजे नवं डिस्को. जुनाच ठेका, पण वाजवणं आजच्या कॉम्प्युटरवरचं. ‘इंडी’ हा शब्दही कानावर येतो. त्याचा अर्थ एवढाच, की सिनेमा कंपनीची वाट न पाहता चार पोरापोरींनी स्वतःच बनवलेलं गाणं. मुंबईत इमाद शाह आणि सबा आझाद या जोडीने ‘मॅडबॉय मिंक’ नावाने अशी नाचायची गाणी केली. इमाद म्हणजे नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक यांचा मुलगा.

या गाण्यांचा ठेका अगदी सरळ असतो. एक, दोन, तीन, चार, प्रत्येक मात्रेवर ढोलाचा सारखा ठोका. मिनिटाला साधारण ११० ते १२५ ठोके. आपण भराभर चालतो तेव्हा पावलंही जवळपास इतकीच पडतात. म्हणूनच पाय आपोआप हलतात, शिकावं लागत नाही. फुगडी जिला येते तिला हे येतंच. पापड लाटताना लावून बघा, लाटणं त्याच तालात फिरायला लागतं.

हे संगीत १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या शहरांत वाढलं. ते वाढवलं बरंचसं काळ्या लोकांनी, म्हणजे जिथे तिथे दाराबाहेर ठेवल्या जाणाऱ्यांनी. पुढे डिस्कोची चीडही फार झाली. १९७९ च्या जुलैत शिकागोच्या एका मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग करून तो स्फोटाने उडवला गेला. तिकडे असं चाललेलं असताना आपल्याकडे मात्र डिस्कोची सुरुवात होत होती, आणि ती केली बायकांच्या आवाजांनी. १९८० च्या ‘कुर्बानी’त नाझिया हसन गायली तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांची होती. शाळेत जायच्या वयाच्या त्या मुलीला त्या गाण्यासाठी फिल्मफेअर मिळालं. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये ‘जिमी जिमी’ गायल्या त्या पार्वती खान, मूळच्या त्रिनिदादच्या.

पण आमच्या गटाला सगळ्यात जवळच्या वाटतात त्या उषा उथुप. मुंबईतच वाढलेल्या. शाळेत आवाज जाड म्हणून त्यांना गाण्याच्या वर्गातून बाहेर काढलं होतं, हे त्या स्वतःच सांगतात. पुढे १९६९ साली मद्रासच्या नाइट क्लबात त्या साडी नेसून गाऊ लागल्या. त्याच जाड आवाजाने ‘रंबा हो’ गाजवलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. ‘तुझा आवाज पुरुषी आहे, तू गाऊ नको,’ असं जिला कुणी म्हटलं असेल तिला हे जरूर सांगा.

‘जिमी जिमी’ची आणखी एक गोष्ट आहे. २०२२ च्या शेवटी चीनमध्ये कोरोनामुळे लोकांना घरात कोंडून ठेवलं होतं. तेव्हा तिथल्या लोकांनी रिकामी भांडी हातात धरून या गाण्यावर व्हिडिओ काढले. त्या दोन शब्दांसारखाच उच्चार त्यांच्या भाषेत केला तर अर्थ होतो, ‘तांदूळ द्या’. सरकारविरुद्ध बोलायची सोय नव्हती, म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचं मुंबईचं नाचगाणं कामी आलं.

आता आपल्याकडे वळू. घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत नवरात्रात गरबा चालतो. कल्याणजी-आनंदजींचे भाऊ बाबला यांनी ‘डिस्को दांडिया’च्या रेकॉर्डी काढल्या, आणि टिपऱ्यांच्या खेळात डिस्को शिरलं ते कायमचं. तिथे साठीच्या बायकाही रिंगणात असतात. चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल गाडी ५ मे १९९२ ला सुरू झाली. आजही नवरात्रात लोकलच्या बायकांच्या डब्यात दोन बाकांमधल्या जागेत फेर धरला जातो. कुणी काही म्हणत नाही, कारण देवीचं निमित्त असतं. मंगळागौरीलाही निमित्त असतं. मे महिन्यात मात्र निमित्त नाही, म्हणून पाय बांधलेले!

आणि मे म्हणजे तर लग्नसराई. वरातीत डीजे लागतो, छाती धडधडते, पुढे पुरुष नाचतात. आपण मागून पर्स आणि पोरं सांभाळत चालतो. हौस नसते असं नाही. जागा नसते. म्हणून आम्ही दोन उन्हाळ्यांपासून एक करतो. हळदीच्या दिवशी ऊन उतरल्यावर तासभर फक्त बायकांचा. अंगण नाहीतर गच्ची, आणि डब्याएवढा स्पीकर. शेजारच्या घरातलं बोलणं ऐकू येईल इतकाच आवाज. मोबाइल एका टोपलीत जमा, व्हिडिओ काढायचा नाही. ही अट घातली नाही तर निम्म्या जणी उठतच नाहीत, हा आमचा अनुभव.

पहिल्या वर्षी एक मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. नवरा गेल्यापासून त्या हळदीला हात लावत नाहीत, कुणी लावूही देत नाही. हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, पण ठराव घरोघरी पोचायला वेळ लागतो. हळद लावायची की नाही यावर आमच्यात कुजबुज झाली. गाण्याबद्दल मात्र कुठल्याच पोथीत नियम नव्हता. उषाताईंचं गाणं लागलं, तिघी जणी त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. सुरुवातीला त्या नुसत्या टाळ्या वाजवत होत्या. तिसऱ्या गाण्याला पदर खोचला.

तुम्हाला करायचं असेल तर सुरुवात ओळखीच्या गाण्याने करा, नाझियाचं किंवा उषाताईंचं. मग मुलींना त्यांच्या पसंतीची दोन नवी लावू द्या. शब्द इंग्रजी असले तरी ठेका तोच असतो. मधे एखादं संथ गाणं हवंच, गुडघे आपलेच आहेत. पन्हं किंवा ताक आधी करून ठेवा, आणि चार वाजायच्या आत सुरू करू नका, गच्ची तापलेली असते.

तुमच्या गटाने कोणती गाणी लावली ते आम्हाला कळवा. पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमात तीच वाजवू.