दोन सत्रांच्या मधले दिवस



समुपदेशकाकडचं सत्र पाऊण तासाचं, फार तर तासाभराचं. तेही आठवड्यातून एकदा, पुष्कळांच्या बाबतीत पंधरा दिवसांनी. पण अपघात, घरातली मारहाण, लहानपणी झालेलं लैंगिक शोषण, जवळच्या माणसाची आत्महत्या, असं काही सोसलेल्या माणसाला त्रास सत्राची वेळ पाहून होत नाही. रात्री दोनला तो दचकून उठतो. बाजारात एखादा वास येतो आणि हातपाय गार पडतात. अशा वेळी कोणाकडे जायचं आणि कोणावर विश्वास ठेवायचा, याविषयी आज बोलणार आहे.

मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहते. काय सांगायचं, किती सांगायचं, हे समोरचा माणूस तुमच्यावर सोडतो का? आघात होतो तेव्हा माणसाचं काहीच चाललेलं नसतं. “सगळं बोलून टाक, मोकळी होशील,” असा आग्रह कोणी कितीही मायेने धरला, तरी तिथेही तिचं काही चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. घडलेलं खोदून विचारू नका, असं ती सांगते. माणूस सुरक्षित आहे ना ते पाहा, तो बोलेल ते ऐका आणि पुढच्या मदतीपर्यंत त्याला पोचवा. शेजारच्या काकू, शाळेतल्या बाई, गावातली आशाताई, कोणालाही हे जमण्यासारखं आहे.

दुसरा आधार स्वमदत गटाचा, म्हणजे एकाच त्रासातून जाणाऱ्यांनी एकत्र बसून एकमेकांचं ऐकण्याचा. आपल्याकडे त्याचा अजून पुरेसा उपयोग होत नाही, याची मला खंत वाटते. कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेनेही असे स्वमदत गट रुजवले. तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात, त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. वर्षानुवर्षं दार लावून रडलेली बाई तिथे येते, आणि “माझ्याही घरी हेच होतं,” हे वाक्य दुसरीच्या तोंडून ऐकते. ही ओळख मला माझ्या समुपदेशनाच्या खोलीत देता येत नाही. ती त्याच वाटेने गेलेलं माणूसच देऊ शकतं.

मात्र गट पारखून घ्या. पहिल्या दिवशी नुसतं बसून ऐकायची मुभा आहे का? इथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हे सुरुवातीलाच सांगतात का? कोणी फारच अस्वस्थ झालं तर काय करायचं, हे गट चालवणाऱ्याला ठाऊक आहे का? मुख्य म्हणजे, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करा असं कोणी सांगितलं, तर पुन्हा त्या जागी जाऊ नका. सांगणारा बाबा असो, नाहीतर इंग्रजी बोलणारा हीलर. दोन दिवसांच्या शिबिरात आघातातून कायमची मुक्ती देतो म्हणणाऱ्यालाही पैसे देऊ नका. पात्रता विचारण्यात उद्धटपणा नाही. मानसोपचारतज्ज्ञांची नोंदणी वैद्यक परिषदेकडे असते, चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे. चांगला माणूस हे विचारल्यावर रागावत नाही. गटात जाऊन आल्यावर रात्रीची झोप अधिकच उडत असेल, तर ते पुढच्या सत्रात आवर्जून सांगा. काही काळ गट थांबवणंही योग्य असतं.

आणि मध्यरात्री? १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लिहून ठेवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा सुरू आहे. ती चोवीस तास आणि मोफत चालते, मराठीतही बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज पडली तर तज्ज्ञांकडे जोडून देतात. काय बोलावं सुचत नसेल तर “मला आत्ता एकटं राहायची भीती वाटते” इतकंच म्हणा, पुढचं ते विचारतील.

जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र फोनवर थांबू नका. घरातल्या कोणाला तरी उठवा आणि जवळच्या रुग्णालयात जा. घरच्यांनी पिकावर फवारायची औषधं आणि गोळ्यांचे साठे त्याच दिवशी दुसऱ्या घरी हलवावेत. आधी कधी असा प्रयत्न झाला असेल, तर पोलिसांच्या धास्तीने डॉक्टरांपासून लपवू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, उलट सिद्ध होत नाही तोवर, अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच मानतो, आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.