पाणी बदलताना घाई नको

जिंतूरच्या बाजारात सोनाराकडे पोवळे मागितले, तर तो लाल मणी पुढे ठेवतो. मंगळाचे रत्न म्हणून आपण तो अंगठीत घालतो. पण पोवळे हा दगड नव्हे, बरं का! समुद्रातल्या इवल्या जिवांनी मिळून रचलेला तो सांगाडा आहे. या जिवांची भावंडे उथळ, उबदार पाण्यात राहतात. त्यांना प्रवाळ म्हणतात. आपल्या मालवणच्या किनाऱ्याजवळही ती आहेत.

आता या जिवाचा संसार पाहा. उथळ पाण्यातल्या प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. आपल्याकडची बटईची शेतीच म्हणा ना! घर प्रवाळाचे, कष्ट शेवाळाचे. शेवाळ उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा मालकाला देते. प्रवाळाचा रंगही बराचसा या शेवाळाचाच.

पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की ही बटई मोडते. प्रवाळ शेवाळाला बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. तो लगेच मरत नाही. पण त्याचे कोठार रिकामे होते. पाणी वेळेवर निवले तर सावरतो, नाही तर उपाशी मरतो. १९९८, २०१६ आणि २०२४ साली लक्षद्वीपच्या प्रवाळांवर हेच संकट आले.

समुद्रात ज्याला आठवडे लागतात, ते काचेच्या पेटीत तासाभरात घडू शकते; आणि तेही सांभाळणाऱ्याच्या हातून! माणूस सफाईला बसतो, निम्मेअधिक पाणी उपसतो आणि नवे ओततो. त्याला वाटते, आपण चांगलेच केले. पण नव्या पाण्याची ऊब निराळी, खारटपणा निराळा. मासा निदान कोपऱ्यात पळतो. प्रवाळ जागचा हलू शकत नाही. तो अंग आक्रसून घेतो, बुळबुळीत स्राव सोडतो. ही त्याची तक्रार असते. ती ओळखावी आणि हात आवरावा.

मग पाणी बदलायचे कसे? एका वेळी दहावा हिस्सा पुरे. नवे पाणी आधी कालवून ठेवावे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तेवढेच यातही हवेत. ऊब जुळल्यावरच ते हळूहळू सोडावे. आणखी एक गोष्ट. पेटीतले पाणी आटते तेव्हा पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून आटलेली भर गोड्या पाण्याने करावी. तिथे खारे पाणी घातले, तर खारटपणा वाढतच जातो.

शिक्षकमित्रांनो, हे मुलांना ताटलीभर मिठाच्या पाण्यात दाखवता येईल. ताटली उन्हात ठेवा. संध्याकाळी मुले मीठ बोटाने चाखून पाहतील. शाळेत गोड्या पाण्यातले मासे असतील, तर नळाचे पाणी थेट ओतू नका. त्यात ब्लीचिंग पावडर असते. ते दिवसभर उघडे राहू द्या आणि थोडेथोडेच बदला.

मत्स्यबीज सोडणाऱ्या आपल्या बांधवांना ही रीत नवी नाही. येलदरीसारख्या जलाशयात बीज सोडताना पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवतात. आतले आणि बाहेरचे पाणी सारखे झाले, की मगच तोंड सोडतात. ती घटका-अर्धी घटका वाचवायला जाल, तर बीज गमवाल.

आणि हौस म्हणून समुद्रातून जिवंत प्रवाळ कोणी काढून आणू नये. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाइतकेच संरक्षण दिले आहे. मुंबईत किनारी रस्ता बांधताना २०२० साली वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळांच्या १८ वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा सरकारी कामालासुद्धा आधी परवानगी काढावी लागली.

श्रोतेहो, समुद्र आपल्या जिंतूरपासून फार दूर आहे. पण जो जीव पळू शकत नाही, तो आपल्या घरीही असतो. दावणीचे जनावर, कुंडीतले रोप, पाळण्यातले मूल. त्यांचे काही बदलायचे झाले, तर आपल्या सोयीने नव्हे, त्यांच्या चालीने बदलावे. प्रवाळाकडून एवढे शिकलो, तरी पुष्कळ झाले.