संत्र्याची साल, डाळिंबाची साल

अंबिया बहाराची संत्री तुमसरच्या बाजारात आली की घरोघरी सालींचा ढीग पडतो. आपण साली वाळवतो, दळतो, बेसनात कालवून उटणं करतो. चीनमध्ये अशीच साल औषध म्हणून जपतात. ग्वांगदोंग प्रांतातल्या शिन्हुईची साल निदान 3 वर्षं जुनी करतात. पोट जड झालं, कफ झाला की तुकडा पाण्यात उकळून पितात. त्यांचं फळ आपल्या नागपुरी संत्र्याच्याच जातकुळीतलं! मात्र साल वाळवण्याआधी चोळून धुवा, फवारणी सालीवरच बसते.

डाळिंबाच्या सालीचं जरा जपून. ती तुरट, म्हणून हगवणीवर तिचा काढा द्यायची रीत जुनी. पण लेकरू जुलाबानं दगावतं ते अंगातलं पाणी आटून, आणि काढा ते पाणी भरून काढत नाही. म्हणून आम्ही गटात ठरवलंय, आधी आशाताईकडची ओआरएसची पुडी, अख्खी, 1 लिटर स्वच्छ पाण्यात. घोट घोट पाजायची. अंगावरचं दूध चालूच. झिंकच्या गोळ्या आशाताई सांगेल तशा 14 दिवस, जुलाब थांबले तरी. डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसलं, लेकरू मलूल पडलं, तर तडक दवाखाना. सासूबाई रागावल्या तरी चालेल. सालीचा डबा फडताळातून कुठं जात नाही.