मागची गाडी



बोलायचं ठरलं तेव्हा मला आपल्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. अमित समर्थ आठवले. २०१७ साली त्यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. ओशनसाइड ते अ‍ॅनापोलिस, सुमारे ४,८०० किलोमीटर. मुदत फक्त १२ दिवस. २०१८ मध्ये ते मॉस्को ते व्लादिवोस्तोक हे ९,००० किलोमीटरहून जास्त अंतर १५ टप्प्यांत पार करून आले.

त्या अमेरिकेतल्या शर्यतीत रात्री स्पर्धकाच्या मागे त्याच्या माणसांची गाडी दिवे लावून चालावीच लागते. खाणं, पाणी, रस्ता, झोप, सगळं मागचे लोक सांभाळतात. निकालात नाव मात्र एकट्याचं लागतं.

दहावीत माझ्या सायकलला दिवा नव्हता. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. वीज गेली की रस्ता दिसत नसे. शिकवणी सुटली की आपल्यातली एक मैत्रीण डायनॅमो लावून माझ्या मागे यायची. तो दिवा पायडल मारल्याशिवाय लागत नाही. मला घरी सोडून ती एकटी परत जायची.

मी इंजिनिअर झाले. तिचं शिक्षण दहावीलाच थांबलं. ‘स्वतःच्या बळावर शिकले’ असं मी वर्षानुवर्षं सांगत आले. ते खरं नव्हतं.

ती आज इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. तुला कधी म्हटलं नाही गं, आज सगळ्यांसमोर म्हणते: तू होतीस म्हणून मी पोचले.