नगररचनेचा नकाशा आणि आपला समाज



कार्यकारी मंडळाने या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय शिक्षणाचा असेल असे आम्ही गृहीत धरले होते. कारण छत्तीस वर्षे हाती खडू धरण्यापलीकडे आम्ही काही केलेले नाही. परंतु हल्ली जे समाजबांधव आमच्याकडे सल्ल्यास येतात, त्यांच्या हाती मुलाच्या प्रगतिपुस्तकाऐवजी जमिनीचा सातबारा असतो. म्हणून उद्याच्या घरांसाठी व रोजगारासाठी नगरपालिका जमीन कशी योजते, हा विषय आम्ही घेतला आहे.

लातूरच्या गंजगोलाईत क्षणभर उभे राहून पाहावे. मध्ये वर्तुळाकार इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. कोणी तरी आधी कागदावर रेषा आखल्या, म्हणून तेथे पिढ्यान्‌पिढ्या व्यापार सुखाने चालला. नांदेडकरांनी गोदावरीच्या दक्षिणेस सिडकोने वसविलेले नवीन नांदेड आठवावे. याउलट दोन्ही शहरांच्या कडेला गुंठ्यागुंठ्याने विकल्या गेलेल्या अशाही वस्त्या आहेत, जेथे अग्निशामक बंब वळत नाही. त्यांत आपल्या समाजाची घरे थोडीथोडकी नाहीत.

या रेषा कोण आखतो? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये प्रत्येक नगरपालिकेस व महानगरपालिकेस विकास योजना करावी लागते आणि वीस वर्षांतून निदान एकदा तिचा फेरविचार करावा लागतो. प्रथम जमिनीच्या चालू वापराची पाहणी होते, मग पुढील लोकसंख्येचा अंदाज बांधला जातो. त्यावरून रहिवास, व्यापार, उद्योग, शेती असे विभाग ठरतात. रस्ते, शाळा, क्रीडांगणे, दवाखाने यांसाठी आरक्षणे पडतात. प्रारूप नकाशा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचनांसाठी मुंबईबाहेर तीस दिवस मिळतात. महानगरपालिकेत स्थायी समितीचे तीन सभासद आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ मिळून सुनावणी घेतात. शेवटची मंजुरी शासनाची.

तीस दिवस! आपल्याकडे लग्नपत्रिका छापण्यास याहून अधिक दिवस लागतात.

येथे आम्ही आमच्या घरची गोष्ट सांगतो. आमच्या वडीलबंधूंची सव्वा एकर जमीन एका तालुक्याच्या गावी हद्दीलगत आहे. प्रारूप नकाशात तिच्यावर क्रीडांगणाचे आरक्षण पडले. बंधूंनी रात्री नकाशा आमच्यापुढे टाकला व म्हणाले, "तू मास्तर, तूच हरकत लिही." लेखणी उचलली आणि आठवले, की त्याच गावच्या शाळेत मैदान नाही म्हणून आम्ही वर्षानुवर्षे मुलांची कवायत रस्त्यावर घेतली होती व त्याबद्दल अर्जही केले होते. आता मैदान आले तर ते आमच्याच शेतात! अखेर आम्ही लिहिले, की क्रीडांगण हवेच. पण शेजारी सरकारी गायरान असता सगळा भार एका लहान शेतकऱ्यावर टाकू नये. सुनावणीनंतर आरक्षण निम्म्यावर आले. बंधूंना ते अपुरे वाटले. दोन दिवाळ्या त्यांनी आमच्या घरी फराळ केला नाही. आमचे चुकले की नाही, हे आजही आम्हांस नीटसे उमगलेले नाही.

आरक्षण पडले म्हणजे जमीन बुडाली, हा समज मात्र सोडावा. अंतिम योजना अमलात येऊन दहा वर्षे झाली व जमीन घेतली गेली नाही, तर कलम १२७ खाली मालकास नोटीस देता येते. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण सुटते.

रोजगाराकडे आपण फारच दुर्लक्ष करतो. उद्योगाची जागा रहिवासात बदलून मिळाली की भाव चढतो, आणि मालक पेढे वाटतो. पण मग त्याच मालकाचा मुलगा कामासाठी पुण्याची गाडी धरतो. लातूरला रेल्वे डबा कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली. नांदेड जिल्ह्यात कृष्णूरची औद्योगिक वसाहत आहे. अशा ठिकाणच्या कामगारांनी राहावे कोठे व प्यावे काय? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपण डोळ्यांनी पाहिले. पाण्याचा हिशेब नसलेल्या नकाशावर कितीही घरे दाखविता येतात.

आता जे प्लॉट घेण्याच्या विचारात आहेत, विशेषतः निवृत्तीचा फंड हाती असलेले, त्यांच्यासाठी. दलाल "यलो झोन आहे" असे म्हणेल. त्याच्या तोंडचा झोन ग्राह्य नाही. नगररचना विभागातून झोन दाखला व भाग नकाशा घ्यावा, अकृषिक परवानगी व मंजूर रेखांकन पाहावे. गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा २००१ चा आहे, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढविण्यात आली. पण पुन्हा मुदत वाढेल या भरवशावर लेकीच्या लग्नाचे पैसे गुंतवू नयेत. भगिनींनी तर दाखला पाहिल्याखेरीज दागिना मोडू देऊ नये.

आम्ही सोबत एका प्रारूप योजनेची प्रत आणि हरकतीच्या अर्जाचा हस्तलिखित नमुना आणला आहे. भोजनानंतर आम्ही मंडपाच्या उजव्या बाजूस बसणार आहोत. ज्यांनी सातबारा आणला असेल, त्यांनी गट क्रमांक घेऊन यावे.